शून्य चारशेवीस

वडसा-लाखांदूर रस्त्यावर, जिथं राईसमिलच्या कोंड्याची धूळ
अर्ध्या तासात बॉनेट पिवळं करते,
तिथं माझं शेड.
डोमाजी नाकाडे सकाळीच आला,
डोळ्यांत रात्रीच्या प्रयोगाचं काजळ, अर्धवट पुसलेलं.
"तीन नाटकं झाली जी, हा दिवा काई इझत नाई."

डॅशबोर्डवर इंजिनाचं चित्र, हळदीच्या रंगाचं.
गाडी चालते. ओढते. फक्त तो दिवा,
विंगेतून कुणी डोळे वटारावे तसा.
साकोलीतल्या एकानं त्यावर काळी चिकटपट्टी लावून दिली होती.
ब्रह्मपुरीतल्या दुसऱ्यानं बिलबुकाच्या पाठकोऱ्या पानावर
पंचावन्न हजारांचा आकडा.
डोमाजीनं दोन्ही खिशात जपून ठेवलेलं,
पट्टीसुद्धा.

मी स्कॅनर जोडला.
कोड आला: पी शून्य चारशेवीस.
"चारसोबीस?" डोमाजी खो खो हसला.
"मंडळातला खलनायक मी. आता गाडी पण?"

त्याला सांगितलं, गाडीच्या पोटाखाली एक डबा असतो.
आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी, चिनी मातीची,
भोकाभोकाला महागड्या धातूचा हात फिरवलेला.
विषारी धूर शिरतो, बराचसा निवळून निघतो.
डब्याच्या आधी एक सेन्सर, नंतर एक.
पुढचा सारखा नाचतो, नाचायलाच हवा.
मागचा असावा मामा तलावासारखा,
दुपारी, वारा नसताना.

मोबाईलवर दोन रेषा उमटल्या.
पुढची उड्या मारत होती.
मागचीही.

"म्हंजे डबा मेला."
पंचावन्न हजार म्हणजे किती रात्रींचे पैसे,
ते तो ओठांतल्या ओठांत मोजत होता.

थांब म्हटलं.
हबीब उस्ताद म्हणायचे, दिवा तक्रार सांगतो,
आरोपी दाखवत नाही.
प्लग काढून पाहिले: कोरडे, तपकिरी, तेल जळाल्याची खूण नाही.
रबरी हातोडीनं डबा ठोकला, आत काही खुळखुळलं नाही.
मग पितांबरनं ओलं पोतं सायलेन्सरच्या तोंडाशी दाबून धरलं
आणि मी आडवा होऊन एकेका जोडावर साबणाचं पाणी शिंपडलं.

तिसऱ्या जोडाशी एक फुगा.
फुटला.
दुसरा.
बाजूला काजळीची बारीक रेघ,
डोमाजीच्या डोळ्यांतली होती तेवढीच.

त्या फटीतून बाहेरची हवा आत शिरत होती
आणि मागचा सेन्सर, बिचारा, तिचीच साक्ष देत होता.
डबा निर्दोष असेल, मी म्हणालो.
आहे, म्हणालो नाही.

गॅस्केट एकशे ऐंशी रुपयांचं.
बोल्ट गंजलेले, एक मुळातून तुटला, त्यात दीड तास आणि माझ्या अंगठ्याचं सालटं.
कोड पुसला. दिवा गेला.
"झालं?"
नाही. पुसला म्हणजे विझला नव्हे.
शंभर-दोनशे किलोमीटर पळव. गाडी स्वतःच स्वतःला तपासते.
परत लागला, तर डबाच.

"आजचा प्रयोग कोरचीले. पहाटे इकूनच येऊ.
दिवा नसला तं दोनदा हारन वाजवतो."

पहाटे शेडसमोर कोंड्याची शेगडी पेटवून बसलो.
धुक्यातून गाडी आली.
मागं नायिका, तबलजी, मांडीवर पेटी घेतलेला ऑर्गनवाला,
सगळे एकमेकांच्या खांद्यावर झोपलेले.
डोमाजीनं मला पाहिलं. हात स्टेअरिंगवरच.
हॉर्न वाजला नाही.

ती गेल्यावर मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो,
तिनं मागं सोडलेल्या हवेत नाक खुपसून.
दव. कोंडा. कुणाच्या तरी पावडरीचा वास.
सडक्या अंड्याचा नव्हता.

एवढ्यावरून काही सांगता येत नाही.